नारळ कोणी दिला

सुरूचीवाडीत दर दुसऱ्या आयतवारी दुपारी चार वाजता सिनेमा दाखवतात, हे आता तारकर्लीच्या हॉटेलवाल्यांनाही ठाऊक झाले आहे. तिकीट नाही, देणगीची पेटी नाही, कोणाच्या सौजन्याने असा फलक नाही. रापणीच्या मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे वाडीचे ते अवाढव्य जाळे जिथे पावसाळाभर निजून असते त्या लांबलचक कौलारू इमारतीत, खिडक्यांना ताडपत्र्या ठोकतात, भिंतीला पांढरा पडदा बांधतात, आणि सुक्या मासळीच्या वासात साठ-सत्तर माणसे मांडी घालून बसतात. हे सारे दोघांचे काम. संचिता मालवणच्या कॉलेजात ग्रंथपाल. सिद्धेश एरवी पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतो. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून तो सिनेमाचे यंत्र सांभाळतो.

सिनेमेही सरळ नसतात. जे लागले तेव्हा थिएटरे ओस पडली आणि पुढे वीस-तीस वर्षांनी ज्यांच्यापायी माणसे वेडी झाली, असले. संचिता त्यांना कल्ट म्हणते. हा शब्द तिने आपल्या चुलत आजीला, जानकीबाईंना, पहिल्यांदा समजावून सांगितला, तेव्हा त्या ओसरीवर रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडत बसल्या होत्या.

"म्हंजे जित्यापणी कोणी इचारूक नाय," त्या म्हणाल्या, "आनि मेल्यावर पिंडाक कावळो शिवना नाय म्हणान हात जोडतत. तसाच मा?"

"तसाच, आज्ये," संचिता म्हणाली.

रापणीचा एक जुना कायदा आहे. जाळे ओढताना ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो वाडीचा असो की वाटेने जाणारा. संचिताने तो कायदा उलटा लावला. जो सिनेमा बघेल त्याला शेवटी उठून बोलावेच लागेल. गप्प राहून घरी जाणे म्हणजे दोर न ओढता वाटा नेणे. एका परदेशी सिनेमात एक माणूस अर्धा तास नुसता चिखलातून चालत होता; त्यावर एका म्हाताऱ्या खलाशाने उठून सांगितले, "तेका कोणी सांगा रे, ओहोटी लागांदे, मगे चल." त्या दिवशी चर्चा सिनेमापेक्षा लांबली. दुसरा कायदा असा, की सिनेमा कोणीही आधी एकट्याने बघायचा नाही, खुद्द संचितानेही नाही. जाळे वर येईपर्यंत आत काय आहे ते कोणालाच माहीत नसावे.

जानकीबाई मात्र एकदाही आल्या नव्हत्या. सत्तरी उलटली तरी त्यांचा पाठीचा कणा ताठ होता, आणि पाचशे पावलांवर असलेल्या त्या मांगरात त्यांनी एकेचाळीस वर्षे पाऊल टाकले नव्हते. त्याला कारणही एका सिनेमाचेच होते.

त्या वर्षी पुण्याचा एक दाढीवाला दिग्दर्शक 'ओला दोर' नावाचा चित्रपट काढायला वाडीत आला होता. त्याला रापण खरी हवी होती, माणसे खरी हवी होती, आणि हंगामाचे पहिले जाळे टाकण्याआधी नारळ हाती घेऊन देवाला जे साकडे घालतात ते गाऱ्हाणेही खरे हवे होते. गाऱ्हाणे घालण्याचा मान तांडेलाचा. तांडेल म्हणजे रापणीचा मुख्य, बाबली. जानकीबाईंचे थोरले दीर. लाटांच्या वर ज्याचा आवाज चढे असा माणूस. पण कॅमेरा समोर आला आणि त्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटली. एकदा नव्हे, सात वेळा. सूर्य उतरू लागला. तेव्हा बाबलीने दोराला उभ्या असलेल्या भावजयीकडे पाहिले आणि नारळ तिच्या हातात दिला. तिने गाऱ्हाणे घातले. दर वर्षी ऐकत आलेले. अडखळायचा प्रश्नच नव्हता. आणि दोर धरलेल्या पन्नास माणसांनी, नाटक म्हणून नव्हे, सवयीने, "व्हय म्हाराजा!" म्हणून साद दिली. सिंधुदुर्गात गाऱ्हाणे सुरू झाले की मनाच्या आधी तोंड उत्तर देते. त्याला इलाज नाही.

त्या हंगामात जाळी रिकामी आली. खोल पाण्यात ट्रॉलर फिरू लागले होते, हे सर्वांना दिसत होते. पण ट्रॉलरला जाब विचारण्यापेक्षा घरच्या बाईला विचारणे सोपे. बाईलमाणसाने गाऱ्हाणे घातले म्हणून दर्या कोपला, असे ठरले. बाबलीला विचारले, तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "तिणा नारळ हिसकावन घेतल्यान." पन्नास माणसे हजर होती, एकालाही काही आठवले नाही. नवऱ्याने भावाविरुद्ध अवाक्षर काढले नाही. शिक्षा ठरली: जानकीने यापुढे दोराला हात लावायचा नाही आणि नारळी पुनवेला सर्वांच्या मागे उभे राहायचे.

"ज्या जाग्यार माका मागे उभी करतास, थय माझो नारळ फुडे जावचो नाय," एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून दर नारळी पुनवेला सगळी वाडी दक्षिणेकडे मांगरासमोर जमते, आणि जानकीबाई एकट्या उत्तरेच्या टोकाला, काळ्या खडकावर जाऊन स्वतःचे गाऱ्हाणे स्वतः घालतात. तिथे व्हय म्हणायला कोणी नसते.

चित्रपट पुण्यात चार दिवसांत उतरला; वाडीपर्यंत तो पोचलाच नाही. जानकीबाईंनी तो पाहिला नाही. पुढे त्याची अर्धीमुर्धी प्रत कुठून तरी इंटरनेटवर आली, शहरातली मुले ती रात्र रात्र बघू लागली, नारळ हातात घेतलेल्या एका बाईचे चित्र बनियनवर छापून मिरवू लागली. सिद्धेशने मोबाईल पुढे केला, तेव्हा जानकीबाईंनी तो बाजूला सारला. "टीचभर काचेत मी मावूचंय नाय," त्या म्हणाल्या. शिवाय त्या प्रतीत गाऱ्हाण्याची सुरुवातच कापलेली होती. नारळ कोणी दिला, ते त्यात नव्हते.

आणि या जुलैत संचिताला पूर्ण प्रत मिळाली. दिग्दर्शकाच्या विधवेला तिने आठ पत्रे लिहिली होती.

*

बातमी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मंगेश आला. मंगेश हा बाबलीचा मुलगा, संचिताचा बाप, आणि वडिलांमागे आता रापणीचा तांडेल. मांगराची जबाबदारी त्याची. तो ओसरीच्या पायरीवरच बसला. वर बस असे जानकीबाई म्हणाल्या नाहीत.

"काकी, एक काम होता."

"कामाशिवाय तू येवचंस नाय, ता माका ठावक आसा. बोल."

"आमच्या चेडवाक, संचिताक, तू सांग. सिनेमो दाखवूचो तर दाखवांदे, पण ता गाऱ्हाणा काढून टाकूक व्हया. चार मिनटां. माझा ती आयकना नाय. तू नको म्हटलंस की गप ऱ्हवात."

"मी कित्याक नको म्हणू?"

"नारळी पुनव पंधरा दिसांवर इली. लोक आधीच भियाले आसत, गेल्या वर्सा बांगडो बगूक मिळूक नाय. परत ता जुना उकरून..." तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "आनि तुका तरी बरा दिसतला काय, ह्या वयात?"

जानकीबाई हसल्या. त्यांचे हसणे पाहिलेली माणसे वाडीत थोडी होती, आणि ज्यांनी पाहिले होते त्यांना ते आवडले नव्हते.

"माका बरा दिसता काय ता तू बगू नको. तुका कसली भीती, ता सांग. त्या चार मिनटांत मी आसंय, म्हणान? काय तुझो बापूस आसा, म्हणान?"

मंगेश उठला. "मेल्या माणसाचा कित्याक काढतंस, काकी?"

"जित्या माणसाचा तुमी काढलास, तेव्हा मी इचारूक नाय."

तो गेल्यावर त्या बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. निवडून झालेलेच तांदूळ होते. बाहेरून पोलादी दिसणाऱ्या या बाईच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो त्यांनी कोणालाही बोलून दाखवला नसता: बाबलीने नारळ हातात दिला, त्या क्षणी कॅमेरा चालू होता की बंद? बंद असेल, तर सगळ्या वाडीसमोर पडद्यावर एक तरणी बाई दिसेल, हातात नारळ, तोंडात गाऱ्हाणे. हिसकावून घेतलेलाच वाटेल तो. मग मरेपर्यंत तेच खरे.

संध्याकाळी संचिता विचारायला आली, "आज्ये, बापूस सांगता ता खरा? दाखवू नको म्हणतंस?"

"दाखव," जानकीबाई म्हणाल्या. "एक कण सुदीक काढू नको. आनि माका एक खुर्ची ठेव. मी खाली बसूचंय नाय."

*

आयतवारी तीन वाजता मांगराच्या दाराला कुलूप होते.

सुरूचीवाडीच्या इतिहासात जाळ्याला कुलूप लागलेले कोणी पाहिले नव्हते. मांगर सगळ्यांचा, जाळे सगळ्यांचे. चोरणार कोण आणि कोणाचे? माणसे छत्र्या घेऊन घोळक्याने उभी होती. सिद्धेश यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरून होता. संचिता बापाशी बोलत नव्हती, आणि मंगेश किल्ली खिशात ठेवून दाराशी उभा होता.

जानकीबाई आल्या, तेव्हा वाट आपोआप झाली. हिरवे काठ असलेले पांढरे लुगडे, डोक्यावर काळी छत्री. दारापुढे येऊन त्यांनी आधी कुलूप पाहिले, मग पुतण्याला.

"उघड."

"काकी, घराक जा. पावस येतलो."

"पावस तुझ्या बापाशीचो नाय. उघड म्हणतंय."

"मी तांडेल आसंय. मांगराचा मी बगतलंय."

"बरा," जानकीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढवावा लागत नसे. "मांगराचा तू बग. पण आत जी रापण आसा, तिच्यात माझ्या घोवाचे बारा हात आसत. तो गेल्याक वीस वर्सां झाली. दर आषाढात तो तुकडो माझ्या दारात येता, मी इणतंय, मगे तुमी नेवन मदी जोडतास. माका दोराक हात लावक देणा नाय, पण माझ्या हाताचा जाळा तुमका चालता. ता चालांदे. आता माझे बारा हात सोडून दे. मी घराक नेतंय. मगे तू सात कुलपां लाव."

घोळक्यात चुळबूळ झाली. रापण म्हणजे घरोघरच्या तुकड्यांचे एकत्र शिवलेले जाळे. जानकीबाईंचा तुकडा बरोबर मध्यावर, जिथे सगळी मासळी येऊन साठते तिथे. तो काढला तर उरलेले जाळे म्हणजे तळ नसलेली टोपली, आणि हंगाम दहा दिवसांवर.

"असा मदीच कोण काढता, काकी?"

"असा मदीच कोण कुलूप लावता?"

मागून सावित्रीचा आवाज आला. जानकीबाईंच्याच वयाची, मासळी विकता विकता जिचे तोंड धारदार झाले होते ती. "अरे मंग्या, उघड रे बाबा! तिचे बारा हात गेले तर आमी काय पाण्यात सोलकढी गाळू?"

हशा पिकला. हशात अडकलेल्या माणसाला तांडेलकी दाखवता येत नाही. मंगेशने किल्ली काढली.

उंबऱ्याशी जानकीबाई क्षणभर थांबल्या. आतला वास तोच होता. मग त्यांनी छत्री मिटली, आत गेल्या, आणि पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. मंगेश आत आला नाही. दाराच्या चौकटीला टेकून, अर्धा आत अर्धा बाहेर, तो उभा राहिला.

*

सिनेमा संथ होता. वाळू, दोर, माणसांच्या पोटऱ्या, पुन्हा वाळू. पण मांगरात कोणी चुळबुळले नाही, कारण पडद्यावर मेलेली माणसे हिंडत होती. कोणाचा बाप विडी ओढत होता, कोणाची आई मुलाला खसाखसा चोळून न्हाऊ घालत होती. "तो बग, तो बग," असे कुजबुजत माणसे एकमेकांना आपापली माणसे दाखवत होती.

मग दोर धरून उभी असलेली रांग आली, आणि रांगेच्या पुढे बाबली तांडेल, हातात शेंडीचा नारळ. त्याने तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. लाटांचा आवाज तेवढा येत राहिला. जानकीबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता तोडतील, त्यांना वाटले. आता चित्र तुटेल आणि पुढच्या क्षणी नारळ माझ्या हातात असेल.

चित्र तुटले नाही. त्या दाढीवाल्याने कॅमेरा चालूच ठेवला होता. एका धिप्पाड माणसाची भीती तो शांतपणे टिपत राहिला होता. बाबलीच्या गळ्याची घाटी वरखाली होताना दिसली, कपाळावरचा घाम दिसला. मग बाबलीने मान वळवली. तो रांगेतल्या एका बाईकडे दोन पावले गेला. दोन्ही हातांनी नारळ पुढे केला, आणि लाटेच्या उसंतीत त्याचा आवाज साऱ्या मांगरात स्पष्ट ऐकू आला:

"तू घाल गो, जानक्ये. माका जमना नाय."



पडद्यावरच्या बाईने पदर खोचला. जानकीबाईंना ती ओळखू आली नाही. एवढे रुंद खांदे आपले होते? ती समुद्राकडे वळली, आणि तिचा आवाज उठला.

"बा दर्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां दोराक हात लावन उभी आसत. तेंच्या चुली पेटत्या ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पडद्यावरच्या पन्नास जणांनी म्हटले. आणि त्यांच्या बरोबरीने मांगरातल्या साठ जणांनी. कोणी ठरवले नव्हते. कौले थरारली. हॉटेलात उतरलेले दोन पाहुणे कोपऱ्यात दचकून उभे राहिले.

"गेलली होडी रिकामी इली तरी चलात, पण माणसांसकट येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी साऱ्यांच्या वर एक आवाज चढला होता, लाटांवर चढण्यासाठीच घडवलेला, पिढीजात. तो दारातून आला होता. माणसांनी माना वळवल्या. मंगेशने हात तोंडावर नेला, पण शब्द निघून गेला होता.

*

सिद्धेशने ताडपत्र्या वर केल्या. पावसाळी उजेडात माणसे डोळे पुसत होती, नाके शिंकरत होती. 

"मी सुरू करतंय," सावित्री उठली. "माझो घोव केदो बारीक होतो गो! लग्नात माका तो जाडो वाटलेलो. माझ्या हातच्या जेवणान सुजलो मगे." ती हसली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून खाली बसली.

एकेक जण उठू लागला. कोणी बापाबद्दल बोलला, कोणी त्या काळच्या बांगड्याबद्दल. नारळाबद्दल कोणी बोलेना. सारे त्याला वळसा घालून जात होते, जसे पाण्यातल्या खडकाला होडी वळसा घालते. मंगेश बाहेर सरकला.

"बाबा," संचिता म्हणाली. "तुमी बगलास. बोलूक व्हया."

"मी दारात होतंय."

"दारातसून बगलास. आनि व्हय म्हणालास."

मंगेशने जानकीबाईंकडे पाहिले. सोडव, असे त्याचे डोळे म्हणत होते. जानकीबाईंनी नजर काढली नाही आणि त्याला सोडवलेही नाही.

"मी थयच होतंय," तो शेवटी म्हणाला. "तिसऱ्या दोराक. सोळा वर्सांचो. माका दिसलेला. रात्री बापाशीक इचारलंय, तू नारळ दिलंस मा? तर तो म्हणालो, तू काय बगूक नाय." त्याने ओठ चावला. "मगे मी बगूकच नाय."

म्हाताऱ्यांच्या रांगेत दोघातिघांच्या माना खाली गेल्या. तेही कुठल्या ना कुठल्या दोराला होते.

"आज्ये, तू," संचिता म्हणाली.

जानकीबाई उठल्या. "सिनेमो बरो आसा," त्या म्हणाल्या. "वाळू जरा जास्त दाखवल्यान. बाबली भावोजींका मी दोष देवचंय नाय. भियालेलो माणूस खोटा बोलता. पण तुमी पन्नास जण भियाक नाय होतास. तुमका सोयीचा होता. एकेचाळीस वर्सां माझा खरा सांगूक एक यंत्र व्हया लागला, हेची लाज मी कित्याक धरू? ती तुमी धरा."

त्यांनी छत्री उचलली. दारात मंगेश वाट अडवून उभा होता, आणि आता तो तांडेल दिसत नव्हता.

"काकी, नारळी पुनवेक ये. फुडे उभी ऱ्हव. कोणी काय म्हणूचा नाय."

"मी येवचंय नाय."

"काकी..."

"माझी जागा उत्तरेक आसा, काळ्या खडकार. एकेचाळीस वर्सां मी थय एकटी उभी ऱ्हवलंय. ती जागा सोडून मी तुमच्यात येव? तुमी थय येवा. सगळी वाडी येवंदे. आनि नारळ तू आण. दोनी हातांनी माझ्या हातात दे, सगळ्यांच्या देखत. मगे मी गाऱ्हाणा घालतंय."

पावसाची सर कौलांवरून सरकत गेली. सगळा मांगर मंगेशच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या गळ्याची घाटी थेट बापासारखीच वरखाली झाली.

"नारळ सोललेलो आणू," त्याने विचारले, "काय असोलो?"

"आताच बगलंस मा?" छत्री उघडत जानकीबाई म्हणाल्या. "तसोच."